शिरेतून द्यावयाच्या लिपिडची चव न घेण्याबाबत

दिनांक : आजचाच. अर्ज पाळीवर असतानाच लिहिला आहे.

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय : नवजात अतिदक्षता कक्षातील बालकांचे लिपिड स्वयंपाकगृहाच्या कोठीतून सोडविणे व त्यास पुन्हा औषध समजणेबाबत.

संदर्भ : १) तेल-तुपाच्या बंदोबस्ताबाबतचे आपले परिपत्रक. २) त्यावर अर्जदाराने केलेले यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयातील कोणत्या तरी खुर्चीच्या गादीखाली असावेत.

महोदय,

१. अर्जदार ही नवजात अतिदक्षता कक्षाची प्रभारी परिचारिका आहे. आपण तिला ओळखता. मागच्या बैठकीत दाराशी उभी राहून जी "साहेब, एकच मिनिट" म्हणत होती आणि जिला आपण हातानेच "नंतर, नंतर" केलेत, ती हीच. अर्जदाराचा स्वभाव तापट असल्याची नोंद तिच्या गोपनीय अहवालात आहेच. तेव्हा पुढे कुठे भाषा घसरल्यास नवीन काही घडले असे कृपया समजू नये.

२. लिपिड म्हणजे काय, हे आधी सांगणे भाग आहे, कारण हा सगळा घोळ ते कोणीही न विचारल्यामुळे झाला. जी मुले दिवस भरण्याच्या फार आधी जन्मतात, ज्यांचे वजन किलोभरही नसते, त्यांचे आतडे दूध पचवायला तयार नसते. आईचे दूध नळीतून थेंबथेंब देतो, ते आतड्याला सवय लागावी म्हणून. त्यावर बाळ वाढत नाही. म्हणून साखर, प्रथिने, क्षार आणि स्निग्धांश हे सगळे शिरेतून द्यावे लागते, आणि यातला स्निग्धांश म्हणजे लिपिड. दिसायला पांढरेशुभ्र, दुधासारखे. सिरिंजमध्ये भरायचे, उजेड लागू नये म्हणून झाकायचे, पंपावर लावायचे आणि दिवसभर अगदी हळूहळू शिरेत जाऊ द्यायचे. मेंदू, डोळे, कातडी यांना ते लागते. या मुलांच्या अंगावर साठवणीची चरबीच नसते, त्यामुळे ते थोडे दिवस जरी तुटले तरी आत टंचाई सुरू होते. शिवाय त्यात जंतू शिरले तर ते तिथे मजेत वाढतात, म्हणून बाटलीचे सील आम्ही अगदी शेवटच्या क्षणी फोडतो. हे सगळे अर्जदाराने पूर्वीच्या अर्जांतही लिहिले होते, पण ते वाचायला गादी उचलावी लागेल.

३. स्वयंपाकगृहातून तेलाचे डबे चोरीला जात होते, ही गोष्ट खरी. चोर कोण हे सगळ्या इमारतीला ठाऊक होते, हीही गोष्ट खरी. त्याला पकडण्याऐवजी आपण परिपत्रक काढलेत की, "ज्या वस्तूत तेल अथवा तूप आहे अशी प्रत्येक वस्तू स्वयंपाकगृहाच्या कोठीत दोन कुलपांत ठेवावी व भोजनासोबतच वितरित करावी." एक किल्ली भांडारपालांकडे, दुसरी जेवण चाखून पाहणाऱ्या चव अधिकाऱ्यांकडे. भांडारपाल हे शब्दाला जागणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, औषध भांडारात शिरले आणि एकेका खोक्यावरचे घटक वाचत सुटले. मालिशचे तेल उचलले. चाकाच्या खुर्च्यांना घालायचे वंगण उचलले. मग लिपिडच्या खोक्यावर त्यांना "सोयाबीन तेल" दिसले, आणि त्यापुढे "अंड्याच्या बलकातील घटक" दिसले. तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो अर्जदाराने स्वतः पाहिला आहे. "म्हणजे एवढे दिवस खायची वस्तू औषधांत लपवली होती होय?" असे म्हणून त्यांनी खोकी हातगाडीवर चढवली. अर्जदार हातगाडीपुढे आडवी उभी राहिली, तर "सिस्टर, सही साहेबांची आहे, माझ्यावर कशाला तापता?" असे त्यांचे उत्तर. सही आपलीच होती. ठळक आणि सुरेख होती.

४. ती कोठी आपण पाहिली नसावी, म्हणून वर्णन करते. भिंती तेलकट. फळ्यांवर हात ठेवला तर हात परत येताना चिकट आवाज होतो. खाली बटाट्यांची पोती, त्यांतले काही सडून पाणी सुटलेले. त्या पाण्याच्या ओघळाशी झुरळांची ये-जा. वरच्या फळीवर, पुसण्याच्या कुबट फडक्याशेजारी, आमची खोकी. हे पाहून अर्जदारास शिसारी आली, असे नम्रपणे नमूद करण्यात येत आहे. मुख्य आचारी, ज्यांना सगळे आचारीकाका म्हणतात, ते बिचारे स्वतःच कानकोंडे झाले होते. "सिस्टर, हे इथं नको हो," ते म्हणाले. "माझ्या हातून एखाद्या दिवशी फोडणीत पडायचं."

५. पहिल्याच दिवशी दुपारी जेवणाची गाडी आमच्या दाराशी आली. आमच्या कक्षाच्या दाराशी ती आजवर कधीच आली नव्हती. गाडीवाल्याने झाकण ठेवलेली स्टीलची वाटी पुढे केली. झाकण काढले तर आत लिपिड. काचेचे भांडे वॉर्डात न्यायचे नाही असा स्वयंपाकगृहाचा नियम असल्याने बाटली उघडून वाटीत ओतले होते. वाटीच्या कडेला आधीच्या भाजीचा पिवळा डाग होता. सोबत चमचाही होता. साहेब, ज्या बाळाच्या शिरेत थेंबाएवढी हवा जाऊ नये म्हणून आम्ही श्वास रोखून काम करतो, त्याच्यासाठी वाटी-चमचा! अर्जदाराने ती वाटी बेसिनमध्ये रिकामी केली. लिपिड वाया घालवल्याबद्दल भांडारपालांनी तिला त्याच दिवशी खुलासा विचारला. तो खुलासा तिने दिला नाही, कारण तो सभ्य भाषेत बसेना.

६. यानंतर डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या कक्षाच्या बालरोगतज्ज्ञांनी, आपल्याला पत्र लिहिले. डॉक्टरसाहेब मवाळ आहेत. त्यांच्या पत्रात "कृपया" हा शब्द इतक्यांदा होता की बाकीचे वाचायचे राहून गेले असावे. तरी एवढा फायदा झाला की वाटी बंद होऊन बाटली येऊ लागली. पण बाटलीचे सील फुटलेले, बूच उघडून पुन्हा हाताने दाबलेले, आणि त्यावर जांभळा शिक्का : "चव तपासली. योग्य."

७. अर्जदारास आधी वाटले, शिक्का चुकून बसला असेल. म्हणून ती खाली भटारखान्यात गेली आणि तिने जे पाहिले ते डोळ्यांपुढून अजून हलत नाही. रोजचे जेवण वाटण्याआधी एका अधिकाऱ्याने चाखून पाहावे, हा नियम जुना आहे आणि चांगला आहे. त्यामुळेच आपल्याकडची डाळ खाण्याजोगी असते. पण चव अधिकारी टेबलाशी बसून, गळ्यात रुमाल खोचून, डाळीनंतर भाजी आणि भाजीनंतर लिपिड असे क्रमाने चाखत होते. एका बाटलीत चमचा घातला, चाखला, जीभ टाळ्याला लावून विचार केला, आणि मग तोच चमचा, साहेब, तोच, न धुता दुसऱ्या बाटलीत घातला. मिशीला लागलेले पांढरे बोटाने निपटून तेही चाटले. वर अर्जदाराला म्हणाले, "फारच बेचव आहे हो. एवढीशी लेकरं खातात तरी कशी? थोडी साखर घालायला सांगा." अर्जदाराने सांगितले की, ती खात नाहीत, हे रक्तात जाते. त्यावर ते म्हणाले, "सगळंच शेवटी रक्तात जातं की." अर्जदार बाहेर येऊन पायरीवर बसली. तिला खरोखर उलटी झाली. एवढ्या वर्षांत रक्त, पू, शेण-माती सगळे पाहून झालेल्या बाईला चमच्याने उलटी झाली, हे आपण ध्यानात घ्यावे.

८. उष्ट्या बाटल्या अर्थातच वापरल्या नाहीत. त्या परत केल्या, तर आणखी एक शहाणपण निघाले. आहार विभागाने कळवले की या वस्तूत अंडे आहे, आणि मंजूर आहारपत्रकाप्रमाणे अंडे आठवड्यातून दोनच वार देय आहे. सबब लिपिडही त्याच दोन वारी मिळेल. बाकीच्या वारी ते मिळणार नाही. म्हणजे ज्याला दिवसभरात एक क्षण खंड पडू नये ते आठवड्यातून दोनदा, उकडलेल्या अंड्यासोबत. अर्जदाराने लेखी कळवले की आमच्या रुग्णांना अंड्याचा वार कळत नाही. त्यावर एक छापील प्रश्नावली आली : रुग्णास दात आहेत काय? अर्जदाराने "नाहीत" असे खरे उत्तर दिले. परिणामी रुग्णाची रवानगी दात नसलेल्या वृद्धांच्या वर्गात झाली आणि दुसऱ्या दिवसापासून काचेच्या पेटीतल्या बाळाच्या नावाने कुस्करलेल्या बटाट्याची थाळी येऊ लागली. आचारीकाका ती थाळी गपचूप बाळाच्या आईला देतात. "तू खा पोरी, तुझ्या अंगातूनच बाळाला जायचंय," म्हणतात. या सबंध प्रकरणात कोणाला अक्कल असल्याचा अर्जदारास आढळलेला हा एकमेव पुरावा.

९. आता ज्या रुग्णासाठी हा अर्ज आहे तिच्याविषयी. आमच्याकडच्या बाळांची नावे ठेवायला आईबाप घाबरतात, म्हणून कक्षातच काही ना काही हाक पडते. हिला आम्ही हवालदारीण म्हणतो. जन्मली तेव्हा अर्जदाराच्या पंजात मावली, पण कपाळाला आठ्या आणि एक हात कायम वर, गाड्या थांबवल्यासारखा. पंपाची शिटी वाजली की त्या हाताची बोटे पसरते. नळी बदलताना असा काही चेहरा करते की नवीन परिचारिका तिची माफी मागतात. श्वासाची नळी निघाली, संसर्ग आला आणि गेला, दोनदा आम्ही हाय खाल्ली आणि दोनदा तिने आमची जिरवली. वजन धरू लागली होती. मग परिपत्रक आले.

१०. लिपिड थांबल्यावर वजन आधी थबकले, मग उतरू लागले. आता कातडी कोरडी पडून कोपरांना आणि मांड्यांना पापुद्रे सुटू लागले आहेत. डॉक्टरसाहेबांनी साखर वाढवून पाहिली, पण साखरेने भागत नाही. तिची आई शिवणकाम करणारी बाई, अबोल, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. दर पाळीला थोडेसे दूध काढून बाटलीत आणते आणि दोन्ही हातांनी धरून देते, सांडेल म्हणून. काल तिने पंपाकडे पाहिले आणि अर्जदाराला हळूच विचारले, "सिस्टर, ते पांढरं काढून का टाकलंत? माझं दूध पुरत नाही म्हणून का? मी अजून प्रयत्न करते ना."

११. साहेब, अर्जदाराने तिला काय सांगायला हवे होते? चमच्याचे सांगायचे, की अंड्याच्या वाराचे? अर्जदाराने सांगितले, "नाही बाळा, तुझं काही चुकलेलं नाही, उद्या लावू." तेवढ्यावर ती बाई "बरं" म्हणाली आणि काचेवर बोट टेकवून बसली. आपल्या घरातली माणसे असती तर आपण "बरं" म्हणाला असता का? आपण सगळी इमारत डोक्यावर घेतली असती. गरीब माणूस बरं म्हणतो, आणि त्या "बरं"वर आपली सगळ्यांची नोकरी चालली आहे. या गोष्टीची अर्जदाराला त्या कोठीपेक्षा जास्त किळस येते. स्वतःचीही येते, कारण इतके दिवस तीही अर्जच लिहीत बसली होती.

१२. आज सकाळी अर्जदार रीतसर दोन्ही किल्ल्या मागायला गेली. भांडारपाल म्हणाले, आज अंड्याचा वार नाही. चव अधिकारी म्हणाले, आज पोट ठीक नाही, आज काहीच चाखणार नाही, आणि चाखल्याशिवाय वाटप नाही. आपल्या दारावरच्या शिपायाने सांगितले, साहेब बैठकीत आहेत. कसली बैठक, विचारले, तर तेलचोरी थांबल्याबद्दल स्वयंपाकगृहाच्या सत्काराची.

१३. येथून पुढे "अर्जदार" लिहिण्याचा मला कंटाळा आला आहे. जे केले ते मी केले. मी ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी घेतली आणि खाली गेले. भटारखान्यात आचारीकाका एकटेच होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, पाठ वळवली आणि कांदे चिरायला घेतले. मी दोन्ही कुलपे तोडेपर्यंत ते चिरतच होते. त्यांनी काही पाहिले नाही, काही ऐकले नाही, त्यांना यात ओढू नये. फळीवर मागच्या बाजूला एक खोके अजून बंद होते. त्याला ना चमचा लागला होता ना शिक्का. मी तेवढेच उचलले. बाकीच्या उष्ट्या बाटल्या तिथेच आहेत, त्या तुम्हाला लखलाभ. वर आणून खोके बाहेरून पुसले, डॉक्टरसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी तारीख पाहिली, सील पाहिले, बाटली उजेडापुढे धरून तेल फुटून वेगळे झाले आहे का पाहिले. मला वाटले, आता तेही म्हणतील, अधीक्षकांना विचारू. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा "कृपया" म्हटले नाही. "लावा," म्हणाले.

१४. लावले आहे. हा अर्ज लिहिते आहे तेव्हा ते चालू आहे. पंप मंद गुरगुरतो आहे आणि झाकलेल्या नळीतून ते हळूहळू हवालदारिणीच्या दंडात जाते आहे.

१५. सबब विनंती की, लिपिड आज संध्याकाळच्या आत औषध भांडारात परत पाठवावे व त्याचा अंड्याशी, दातांशी व जिभेशी असलेला सर्व संबंध तोडावा. आमच्या कक्षात आणखीही मुले आहेत, आणि मी आणलेले खोके सगळ्यांना फार दिवस पुरणार नाही.

१६. कुलपे तोडल्याबद्दल जी काय चौकशी, जे काय निलंबन, ते माझ्यावर करावे. मी नाही म्हणणार नाही. नवीन कुलपे मी आणून देईन. पण कोठीतून परवानगीविना नेलेली वस्तू ताबडतोब थांबवावी असे आपले मत असेल, तर ते कळवायला शिपाई पाठवू नये आणि कागदही पाठवू नये. आपण स्वतः वर यावे. बूट बाहेर काढावेत, कोपरापर्यंत हात धुवावेत, गाऊन घालावा. हवालदारिणीच्या पेटीशी तिची आई स्टुलावर बसलेली असेल, तिला आधी आपल्या तोंडाने कारण सांगावे. तिला पटेल अशा साध्या शब्दांत सांगावे, ती बरं म्हणेल. मग पंपाच्या उजव्या बाजूला थांबवायचे बटण आहे, ते दाबावे. मी मध्ये येणार नाही.

आपली, आजपुरती तरी नम्र,

प्रभारी परिचारिका
नवजात अतिदक्षता कक्ष

प्रत माहितीसाठी : भांडारपाल, चव अधिकारी, आहार विभाग. तिघांनीही साहेबांसोबत यावयास हरकत नाही. पेटीभोवती चार माणसांपुरती जागा आहे.